सोळावा हिस्सा



या पानावर मी आजवर पापडाच्या पिठाबद्दल, आयंबिलच्या ओळीबद्दल, चातुर्मासात भाजी नसताना काय रांधायचं याबद्दल लिहीत आले. आजचा विषय ट्रॅक्टरचा आहे, आणि तोही टेबलावर मावणाऱ्या ट्रॅक्टरचा. वाचून हसाल, पण शेवटपर्यंत वाचा. गेला चातुर्मास आमच्या नरडाण्याच्या घरात या एवढ्याशा वस्तूने काय काय केलं, ते सांगायचं आहे.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगते. विलायतेत आणि अमेरिकेत खऱ्या ट्रॅक्टरच्या हुबेहूब लहान प्रतिकृती मिळतात. इंग्लंडची ब्रिटन्स ही कंपनी आधी शिशाचे सैनिक बनवायची. पहिल्या महायुद्धानंतर तिने शेतावरची खेळणी काढली. अमेरिकेत आयोवा राज्यात फ्रेड अर्टल नावाच्या माणसाने 1945 साली घराच्या तळघरात ॲल्युमिनियम वितळवून खेळण्यातले ट्रॅक्टर ओतायला सुरुवात केली. त्याच राज्यातल्या डायर्सव्हिल गावात आज अशा खेळण्यांचं मोठं संग्रहालय आहे. ही मॉडेलं ठरलेल्या प्रमाणात असतात. 1:32 म्हणजे खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्शाएवढं, 1:16 म्हणजे सोळाव्या हिश्शाएवढं.

पण काही जणांचं तयार मॉडेलवर समाधान होत नाही. त्यांना आपल्या आजोबांचा ट्रॅक्टर हवा असतो, त्याच रंगाचा, त्याच चाकांचा, त्याच पोचा पडलेला. असे लोक विकत आणलेलं मॉडेल उघडतात, रंग खरवडतात, भाग कापतात, नवे बनवून जोडतात आणि एका मॉडेलातून दुसराच ट्रॅक्टर उभा करतात. आम्ही घरात बसून हेच केलं.

आता आमच्या ट्रॅक्टरबद्दल. माझं लग्न 1982 साली झालं, बी.कॉम.चा निकाल हातात घेऊनच मी सासरी आले. घरची कापसाची आणि दादरची शेती, शिवाय पेठेत दुकान. 1984 साली सासऱ्यांनी मॅसी फर्ग्युसन 1035 घेतला. मद्रासच्या टॅफे कंपनीचा, लाल बॉनेटचा, करड्या इंजिनाचा, तीन सिलिंडरचा. घरच्या शेताला एवढं यंत्र लागत नव्हतं, म्हणून तो भाड्याने नांगरटीला जायचा. सासऱ्यांनी त्याची वही माझ्याकडे दिली. म्हणाले, "शिकलेली सून आहे, जमाखर्च तीच लिहील." मी तीस वर्षं ती वही लिहिली. कोणाच्या शेतात किती तास, डिझेल किती, मोबिल कधी बदललं, पंक्चर किती, ड्रायव्हरदादांना उचल किती. मी तो ट्रॅक्टर एकदाही चालवला नाही, पण त्याचं दुखणंखुपणं माझ्याएवढं कोणाला ठाऊक नव्हतं.

माझ्या सासूबाईंना आम्ही बाई म्हणायचो. बाईंना हा ट्रॅक्टर कधीच आवडला नाही. ज्या मैत्रिणी प्रतिक्रमण करतात त्यांना कारण लगेच कळेल. श्रावकाच्या सातव्या व्रतात पंधरा कर्मादानं येतात, म्हणजे टाळायला हवेत असे पंधरा धंदे. त्यात भाडीकर्म आहे, म्हणजे वाहनं-जनावरं भाड्याने देणं. आणि फोडीकर्म आहे, म्हणजे जमीन फोडणं. बाई म्हणायच्या, "तुमच्या एका यंत्राने माझे दोन अतिचार होतात." उन्हाळी खोल नांगरट झाली की जमिनीतले बोंडअळीचे कोष वर येतात, उन्हाने मरतात, उरलेले पाखरं खातात. कृषी खातं हाच सल्ला देतं आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने तो बरोबरच आहे. पण नांगरामागे बगळ्यांची रांग चालताना दिसली की बाई तोंड फिरवून घ्यायच्या. अष्टमी-चौदसला ट्रॅक्टर जागचा हलायचा नाही, हा नियम त्यांनी करून घेतला होता आणि सासऱ्यांनी तो शेवटपर्यंत पाळला. दुसऱ्या बाजूला, भगवान ऋषभदेवांनी माणसाला जी सहा कर्मं शिकवली त्यात असि, मसि, विद्या, वाणिज्य, शिल्प यांच्याबरोबर कृषीही आहे, हे सासरे त्यांना दर वर्षी ऐकवायचे. तो वाद दोघांच्या हयातीत काही मिटला नाही.

सासरे गेले, मग बाई गेल्या. 2014 साली ट्रॅक्टर भंगारात विकला. 2016 मध्ये यांच्यात आणि माझ्या दिरांमध्ये वाटणी झाली. शेत वाटलं, दुकान वाटलं, भांडी वाटली. ट्रॅक्टरच्या विक्रीच्या रकमेवरून शब्दाला शब्द वाढला. रक्कम फार नव्हती, वहीत नोंद होती, पण त्या दिवशी वही बघायला कोणी तयार नव्हतं. त्यानंतर दोन भाऊ एकाच गावात राहून बोलेनासे झाले. लग्नकार्यात एकमेकांच्या पंगतीला बसायचे नाहीत. संवत्सरीला आम्ही जावा एकमेकींना खमावून यायचो, पण भाऊ आपापल्या ओट्यावर बसून असायचे.

माझी मुलगी लेस्टरला असते. तिथलं दगडी कोरीव कामाचं जैन मंदिर आपल्यापैकी काही जणींनी पाहिलं असेल. तिथून तासाभरावर कोव्हेंट्री शहर आहे. आपल्या लाल ट्रॅक्टरचं मूळ गाव ते. हॅरी फर्ग्युसन या आयर्लंडच्या माणसाने नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता ओढत न नेता तीन जोडांनी ट्रॅक्टरलाच बसवायचा आणि तेलाच्या दाबाने वर-खाली करायचा, ही युक्ती काढली. आज आपल्याकडे ड्रायव्हर ज्याला लिफ्ट म्हणतात ती हीच. त्याचा करडा छोटा ट्रॅक्टर 1946 ते 1956 या काळात कोव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात पाच लाखांवर बनला. पुढे मॅसी-हॅरिस कंपनीशी त्याचं एकत्रीकरण झालं आणि 1957 पासून लाल-करड्या रंगाचा मॅसी फर्ग्युसन 35 आला. आपला 1035 त्याच कुळातला. तो कारखाना 2002 साली बंद झाला, आता तिथे घरं आहेत. ट्रॅक्टरला हवं तसं रूप देण्याचा छंदही काही नवा नाही. एव्हरेस्टवाले एडमंड हिलरी 4 जानेवारी 1958 रोजी दक्षिण ध्रुवावर पोचले ते फर्ग्युसन ट्रॅक्टरवरूनच. चाकांवर पट्टे चढवून आणि वर कापडी आडोसा करून त्यांनी शेताचा ट्रॅक्टर बर्फाचा केला होता.

मुलगी मागच्या उन्हाळ्यात आली तेव्हा तिकडच्या जुन्या बाजारातून मॅसी फर्ग्युसन 35चं 1:16 मॉडेल घेऊन आली. थोडं तुटलेलं होतं, म्हणून स्वस्तात मिळालं. यांनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाले, "छान आहे. पण हा आपला नाही." आणि तिथून ते आमच्या मागे लागलं.

आता काम कसं केलं ते सांगते, कारण कोणा मैत्रिणीच्या घरी नातू असेल तर उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट प्रमाण. कॉमर्सच्या माणसाला हे सोपं. प्रत्येक माप सोळाने भागायचं. आपल्या ट्रॅक्टरचं पुढचं रिम 16 इंचाचं, म्हणजे मॉडेलमध्ये बरोबर एक इंच. मागचं 28 इंचाचं, म्हणजे पावणेदोन इंच. दोन्ही पट्टीने मोजली, बरोबर निघाली, त्यामुळे चाकं बदलावी लागली नाहीत. ट्रॅक्टर साधारण तीन मीटर लांब, म्हणजे मॉडेल एकोणीस सेंटीमीटरच्या आसपास. सायलेन्सरची नळी दोन इंचांची असेल तर सोळाव्या हिश्शाला तीन मिलिमीटर. बॉलपेनची रिकामी रिफिल नेमकी तेवढीच असते.

दुसरी गोष्ट उघडणं. खालचे स्क्रू काढले, जिथे रिबिट होते तिथे बारीक ड्रिलने त्यांचं डोकं उडवलं. सुटे भाग मसाल्याच्या जुन्या डब्यात ठेवले. सात वाट्या, सात प्रकारचे भाग, घरंगळून जात नाहीत. धातूच्या भागांचा रंग थिनर आणि जुन्या टूथब्रशने उतरवला. प्लास्टिकच्या भागांना थिनर लावायचा नाही, ते विरघळतात. ते बारीक पाणकागदाने घासायचे.

तिसरी गोष्ट नवे भाग. विलायती ट्रॅक्टरवर एकटा माणूस बसतो. आपल्याकडे ड्रायव्हरशिवाय मडगार्डवर दोन माणसं बसणारच. म्हणून मडगार्ड रुंद आणि वरून सपाट लागतात. ते मी तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून कापले. आधी जाड कागदाचा नमुना कापायचा, ब्लाउजचं कटिंग करतो तसा, मग पत्रा. पुढचं बंपर ॲल्युमिनियमच्या पट्टीचं. सीटवर बारदानाची घडी सुतळीने बांधली. हूडाला छत्रीची तार आणि जुन्या ताडपत्रीचा तुकडा. जोडायला दोन नळ्यांचा तो चिकट पदार्थ, जो पाईप जोडायला घरात असतोच. रात्रभर ठेवला की दगडासारखा होतो.

चौथी गोष्ट रंग. आधी करडा प्रायमर, मग रंगाचे पातळ हात. एकच जाड हात दिला तर बारीक नक्षी बुजते. रंगाचा थर मिलिमीटरचा दहावा भाग जरी जाड झाला, तरी सोळाच्या हिशेबाने तो खऱ्या ट्रॅक्टरवर दीड मिलिमीटरहून जाड दिसेल. ब्रश मी नायलॉनचे आणले. चित्रकलेचे चांगले म्हणवणारे ब्रश खारीच्या किंवा डुकराच्या केसांचे असतात, दुकानात विचारून घ्यावं. धुळीसाठी काही लोक माती वापरतात. मी माती घेतली नाही, काळा आणि तपकिरी खडू उगाळून त्याची पूड कोरड्या ब्रशने लावली. काळ्या मातीतून आल्यासारखा दिसतो.

हे सगळं जमलं, पण कोणत्या साली आपला ट्रॅक्टर कसा दिसायचा? तीस वर्षांत त्याने किती रूपं बदलली! अशा कामात एक साल पक्कं करावं लागतं, नाहीतर बालपणीच्या फोटोला म्हातारपणाचा चष्मा लावल्यासारखं होतं. मी वह्या काढल्या. 1991च्या वैशाखात मागचे टायर नवे. 1992ला हूड बसवलं. 1996ला बंपर पुन्हा वेल्ड केलं. आम्ही 1992चा पोळा धरला. आपल्या भागात तेव्हाही बैलांबरोबर ट्रॅक्टरला हार घालायचे.

वहीत खर्च होता, पण रूप नव्हतं. मडगार्डवरची अक्षरं कोणत्या बाजूला होती? हे म्हणाले उजव्या. मला आठवत होतं डाव्या. पोच कुठल्या मडगार्डला होती, हेड लाईटची जाळी होती की नव्हती, काहीच जुळेना. संपूर्ण ट्रॅक्टर दिसेल असा फोटो एकच, दिरांच्या लग्नाच्या अल्बममधला, 1989 सालचा. तो अल्बम वाटणीत त्यांच्याकडे गेला होता.

मी यांना न विचारता गेले. जाऊबाईंनी चहा ठेवला. दिरांना सरळ सांगितलं, "भाऊजी, फोटो हवा आहे आणि तुम्हाला जे आठवतं ते हवं आहे. तुम्ही सगळ्यात जास्त चालवला." त्यांनी कशासाठी म्हणून विचारलं. मी पिशवीतून अर्धा रंगलेला ट्रॅक्टर काढून ठेवला. त्यांच्याकडे जुना सालदार ओट्यावर बसला होता, तो आत डोकावला आणि म्हणाला, "हाऊ ते आपलाच टॅक्टर शे!"

दिरांनी तो हातात घेतला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भाभी, सीट मागे गेली आहे. एवढ्या मागे बसलो तर क्लचला पाय पुरणार नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी ते अल्बम घेऊन आमच्या दारात उभे. इतक्या वर्षांनी. हे पेपर वाचत होते. मी काही बोलले नाही, दोन पाट मांडले आणि मध्ये ट्रॅक्टर ठेवला.

त्या दिवशी वाटणीबद्दल एक शब्द निघाला नाही, आजही निघालेला नाही. रकमेबद्दल दोघांची मतं अजून वेगळीच आहेत. पण पोच डाव्या मडगार्डला होती यावर एकमत झालं. अक्षरंही डाव्याच बाजूला होती. पिवळ्या रंगात 'आईचा आशिर्वाद', पेंटरने शि ऱ्हस्व काढलेली. मी दीर्घ करणार होते, तर दोघं एकदम म्हणाले, "नाही, तसंच ठेवा." चार इंचांची अक्षरं पाव इंचाची करून पारदर्शक स्टिकरवर छापून घेतली. ती अक्षरं दिरांनीच तेव्हा बाईंना न विचारता लिहवून आणली होती. बाई वाचून म्हणाल्या होत्या, "माझा आशीर्वाद तुम्हा पोरांना आहे, नांगराला नाही."

आणि शेवटचा वाद नांगराचाच झाला. मला मागे ट्रॉली लावायची होती. ट्रॉलीने गावाचा कापूस जिनिंगला नेला, रात्री-अपरात्री बाळंतिणी दवाखान्यात पोचवल्या, टंचाईत पाण्याच्या टाक्या आणल्या. नांगर लावायला माझं मन घेईना. लहान नातू तर म्हणाला, मागे कागदाचे बगळे पण करू. मी त्याला यशोधर राजाची गोष्ट सांगितली. त्याने खरा कोंबडा मारला नाही, पिठाचा करून बळी दिला, तरी त्या भावाने त्याला किती जन्म फिरावं लागलं. लहान वस्तूतला भाव लहान नसतो. आपल्याकडे स्थापना सांगतात ना, बुद्धिबळाच्या सोंगटीला घोडा म्हटलं तर ती अतदाकार स्थापना, आणि हुबेहूब रूप घडवलं तर तदाकार. आम्ही रूप हुबेहूब घडवत होतो, मग त्याचं पाप-पुण्यही त्याच्याबरोबर येणार.

दिरांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "भाभी, तुमच्या वहीत सगळ्यात जास्त जमा कशाची आहे?"

नांगरटीची. पानामागून पान नांगरटीची. त्याच पैशांत नणंदांची लग्नं झाली, माझ्या मुलांची शिक्षणं झाली. जमेची एक बाजू पुसून काढली तर ताळेबंद जुळत नाही, हे मला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. बाई तरी काय करायच्या? नांगर चाललाच नाही असं त्यांनी कधी म्हटलं नाही. चालला, असं म्हणून त्या रोज खमावायच्या.

म्हणून नांगर केला. दोन फाळी, पत्र्याचा, सायकलच्या तारेच्या तीन जोडांवर बसणारा. पण तो लिफ्टवर उचललेला ठेवला आहे, फाळ जमिनीला टेकत नाही. बांधावरून घरी परत येताना ड्रायव्हर ठेवायचे तसा. हे दोघांनाही पटलं. बगळे केले नाहीत.

मॉडेल कोणाकडे राहणार हा प्रश्न होताच. सोळावा हिस्सा झाला तरी त्याची पुन्हा वाटणी करता येत नाही. विहिरीच्या पाण्यासारखी पाळी ठरली आहे, चार महिने त्यांच्याकडे, चार महिने आमच्याकडे. उरलेले चार महिने ज्याच्या घरी कार्य असेल त्याच्याकडे. न्यायला-आणायला भाऊ स्वतः जातात, मुलांवर सोपवत नाहीत. मी एक नवी वही घातली आहे, त्यात नेल्या-आणल्याच्या तारखा लिहिते. दिवाळीपासूनची आठ पानं भरली, कारण काही ना काही निघतंच. कधी रंग उडाला, कधी स्टिअरिंग ढिलं झालं, की दोघं खाली बसतात.

तुमच्या घरी जुनं यंत्र, जुनी बैलगाडी, दुकानाचा जुना तराजू काही विकला गेला असेल, तर त्याचा एक पूर्ण फोटो आणि चार मापं लिहून ठेवा. विकण्याआधी ठेवलीत तर उत्तम. मागाहून करायचं म्हटलं तरी होतं, फक्त तेव्हा माहिती कोणाकडे असेल तिथे आपणच उठून जावं लागतं.

कोणाचं मन दुखावलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. पुढच्या वेळी नक्की स्वयंपाकघरात भेटू.